हौदावरचा जॅझ

बद्रीनाथ दाभाडे यांनी ग्रुपवर ‘येत्या रविवारची बैठक माझ्याकडं’ असं लिहून टाकलं आणि पाठोपाठ त्यांना दरदरून घाम फुटला. मेसेज पुसायला त्यांनी बोट उचललंही, पण तोवर दोघांनी अंगठे उंचावले होते आणि इंद्रजीत सरांनी टाळ्यांची अख्खी रांग पाठवली होती. तोंडातून गेलेला शब्द परत घेता येत नाही म्हणतात. व्हॉट्सॲपवर गेलेला घेता येतो, पण तिथं ‘हा मेसेज पुसला आहे’ अशी पाटी मागं राहते. अशी पाटी गळ्यात बांधून घेण्यापेक्षा घाम बरा, असं ठरवून दाभाड्यांनी फोन उशीखाली घातला आणि ते घरभर येरझारा घालू लागले.

ग्रुपचं नाव ‘आज काय फिरतंय?’. जॅझ ऐकणाऱ्या, आणि तोही फक्त तबकडीवर ऐकणाऱ्या माणसांचा हा ग्रुप. छत्रपती संभाजीनगरात अशी माणसं एका रिक्षात मावतील एवढीच, बाकीचे पुण्या-नागपूरकडचे. रोज दिवेलागणीला प्रत्येकानं आपण काय ऐकतोय ते सांगायचं. नुसतं सांगून भागत नाही. रेकॉर्डचं कव्हर उभं, शेजारी प्लेअर, प्लेअरवर तबकडी आणि तबकडीवर सुई टेकलेली, असा फोटो लागतो. सुई टेकलेली दिसली नाही तर इंद्रजीत सर खाली ‘सुई?’ एवढंच लिहितात, आणि त्या एका शब्दानं भल्याभल्यांची संध्याकाळ नासते. मोबाइलवर ऐकून नुसत्या कव्हराचा फोटो टाकणाऱ्या एका गृहस्थांना ग्रुपमधून काढलं, तेव्हा सगळे हळहळले, पण त्यांच्या बाजूनं कोणी बोललं नाही.

महिन्यातून एकदा शहरातल्या मंडळींची बैठक असते. यजमानानं एक रेकॉर्ड निवडायची आणि तिची एक अख्खी बाजू वाजवायची. बाजू चालू असताना बोलायचं नाही, चहा नाही, फोन नाही, आणि काही झालं तरी उठायचं नाही. “बाजू चालू असताना उठणं म्हणजे आरती चालू असताना चपला शोधणं,” असं इंद्रजीत सर म्हणत. ते कॉलेजात अर्थशास्त्र शिकवून निवृत्त झाले होते, त्यामुळं त्यांच्या वाक्यानंतर समोरच्यानं मान डोलवायची, हे ठरलेलंच होतं.

सगळ्यांच्या घरी बैठका झाल्या होत्या. दाभाड्यांकडंच झाली नव्हती. कधी पाहुणे आले, कधी रंगकाम निघालं, कधी कंपनीत ऑडिट. शेवटी सरांनी लिहिलं, “दाभाडे, तुमची तबकडी फोटोतच फिरते, का खरीसुद्धा?” दाभाडे वाळूजच्या एका कंपनीत क्वालिटी खात्यात होते. दिवसभर दुसऱ्याच्या मालात खोट काढायची आणि संध्याकाळी आपल्याच मालावर कोणी असं बोट ठेवायचं, हे त्यांना सहन झालं नाही. म्हणून तो मेसेज.

खरी अडचण अशी होती की दाभाड्यांच्या घरात सुई टिकत नव्हती. सिडकोतलं रो-हाउस, दोन घरांत मिळून एक भिंत. मागच्या रस्त्यानं टेंपो गेला की सुई उडी मारायची. शेजारच्या घरात कोणी जिना उतरलं की उडी. सुई फोटोपुरती टेकायची, फोटो निघायचा, आणि पुढच्याच क्षणी सॅक्सोफोनवाला गाण्याच्या मधून थेट शेवटी जाऊन उभा राहायचा. कपाटभर रेकॉर्डी जमवल्या, पण एक बाजू सलग अशी दाभाड्यांनी स्वतःच्या घरात कधी ऐकलेली नव्हती. त्यात घरात साथ नाही. बायको रत्नमाला पहिल्याच दिवशी मिनिटभर ऐकून म्हणाली होती, “वाद्यं लावून झाली की हाक मारा, मी येते.” ती अजून यायची होती. दाभाड्यांना फार काही नको होतं. आपल्या घरात एक बाजू पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत वाजावी आणि ती ऐकत शेजारी कोणीतरी बसलेलं असावं, एवढंच. रविवारी एक तर ते होणार होतं, नाहीतर कायमचं हसं होणार होतं.

रेकॉर्ड ठरली होती. क्लेटन मॅबरी नावाच्या सॅक्सोफोनवाल्याची चौकडी. जुन्या बाजारात परातींच्या ढिगाखाली सापडलेली आणि ग्रुपमध्ये दुसऱ्या कोणाकडंही नसलेली. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमधून उतरल्या उतरल्या दाभाड्यांनी प्लेअर शोकेसवर मांडला आणि सुई टेकवली. रत्नमाला स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आली. सुई उडाली.

“तू जरा हळू चाल ना.”

“मी कुठं पळतेय?”

“पाय टेकवताना हळू टेकव.”

“अन् तव्यावरची पोळी? तिलापण सांगा, हळू करप म्हणून.”

या विषयावर पुढं बोलण्यात अर्थ नव्हता, आणि तेवढ्यात भिंतीपलीकडचे सांडूअण्णा आलेच. अण्णा मूळचे फुलंब्रीचे. त्यांनी जन्मभर एका बांधकाम कचेरीत आवक-जावक सांभाळली होती; पण पुलांच्या फायली इतकी वर्षं हातावरून गेल्या की पूल आपणच बांधले असं माणसाला वाटायला लागतं. त्यांनी शोकेस हलवून बघितली, फरशीवर टाच आपटली आणि निदान केलं.

“बद्रीभाऊ, पाया कच्चा हाय. खाली शहाबादी फरशी टाका, अन् फरशीखाली सायकलची टूब. सगळा हादरा टूब खाती.”

टूब अण्णांनीच आणून दिली, हवाही त्यांनीच भरली. तिच्यावर फरशी, फरशीवर प्लेअर. हादरा टूब खाती हे खरं होतं, पण खाल्ल्यावर ती ढेकर देत होती. कोणी चालायची गरजच उरली नाही. दाभाड्यांनी नुसता श्वास सोडला तरी फरशी डुलायची आणि सुई तबकडीवरून घसरत मधल्या कागदावर जाऊन थांबायची. “हवा जास्त झाली,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी हवा सोडली. मग फरशी एका बाजूला कलंडली. अण्णा म्हणाले, टूब जुनी होती.

मग दाभाड्यांनी प्रणयला फोन लावला. प्रणय बजाजनगरला राहणारा, ग्रुपमधला सगळ्यात तरुण, शिवाय इंजिनिअर. तो म्हणाला, “सर, जमिनीशी संबंधच तोडून टाका. टांगा.” हे पटण्यासारखं होतं. हॉलच्या छताला पूर्वी पाळणा टांगायचा हूक होताच. पाटाला चार दोऱ्या बांधल्या, पाटावर प्लेअर ठेवला आणि सगळं हुकाला लावलं. मागून टेंपो गेला. सुई हलली नाही. दाभाड्यांचे डोळे भरून यायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं की तबकडी एका दिशेनं फिरते आहे आणि पाट सावकाश दुसऱ्या दिशेनं. सुईवर लक्ष ठेवायचं तर पाटाबरोबर फिरणं भाग होतं. ते अशा तीन-चार प्रदक्षिणा घालत असताना अण्णांच्या लक्ष्मीबाई दारात आल्या, हुकाकडं बघितलं, दाभाड्यांकडं बघितलं आणि विचारलं, “आता या वयात कुणाचं बारसं?”

शुक्रवारी रत्नमाला पिशोरला गेली. तिच्या मावसबहिणीच्या लेकीचा साखरपुडा होता. निघताना तिनं पाण्याचं सगळं पुन्हा एकदा सांगितलं. गल्लीत पाणी आठवड्यातून एकदा येतं आणि येतं ते तास-दोन तासांसाठी. गेटजवळच्या खड्ड्यात नळ. नळाला पाइप लावायचा, पोर्चमधल्या हौदाचं झाकण उघडून पाइप आत सोडायचा, हौद भरला की ड्रम, ड्रम भरले की भांडी. “नंबर मंगळवारचा हाय, त्याच्या आत मी येतेच,” ती म्हणाली. “तोवर हौदातलं जपून वापरा. अन् ते पाटाचं काढा बाई, शेजारीपाजारी विचारायलेत.”

रत्नमाला गेली आणि दाभाडे मोकाट सुटले. पुण्याच्या एका सभासदानं लिहिलं होतं की वाळूसारखं काही नाही. पेटीत वाळू भरा आणि वर प्लेअर ठेवा. आता वाळू मागायला गेलं की कळतं, या जगात वाळू ट्रकनं मिळते, घमेल्यानं नाही. शेवटी एका बांधकामावरच्या वॉचमनला गळ घालून दाभाड्यांनी पिशवीभर मिळवली आणि स्कूटरच्या पायाशी ठेवून निघाले. चौकात कसलीशी तपासणी चालू होती. खुर्चीवर बसलेल्या साहेबांनी पिशवीत हात घातला.

“वाळू?”

“हो. थोडीच आहे.”

“वाहतुकीचा पास?”

“साहेब, रेकॉर्ड प्लेअरखाली ठेवायचीय. अमेरिकन जॅझ आहे, सुई उडते.”

साहेबांनी हाताची वाळू झटकली. मग शेजारच्या शिपायाला म्हणाले, “बाकीचे निदान देवळाचं बांधकाम तरी सांगतात.” दाभाड्यांना त्यांनी सोडून दिलं, वाळू ठेवून घेतली. त्या साहेबांनी आपल्याला तस्कर समजलं असतं तरी चाललं असतं. वेडा समजून सोडलं, हे दाभाड्यांच्या जिवाला लागलं.

घरी आले आणि रिकामी पिशवी हातात घेऊन ते पोर्चमध्येच हौदावर बसले. आत जायचा धीर होत नव्हता. लक्ष्मीबाईंनी भिंतीवरून दिलेला चहाचा पेला शेजारी ठेवला. तेवढ्यात समोरून वरात निघाली. स्पीकरच्या भिंती लादलेली गाडी, पुढं नाचणारी पोरं. खिडक्यांच्या काचा थरथरल्या, गेट थरथरलं, दाभाड्यांच्या छातीतलं काळीजही थरथरलं. फक्त चहा थरथरला नाही. पेल्यातल्या सायीला साधी सुरकुतीही पडली नव्हती. दाभाडे हौदावरून उतरले, पेल्याच्या उंचीवर डोळे आणून बघत राहिले, आणि मग त्यांनी अण्णांना अशी हाक मारली की पलीकडं काहीतरी पडल्याचा आवाज आला.

प्लेअर बाहेर आणून हौदाच्या स्लॅबवर ठेवला आणि अण्णांनी शेजारी उभं राहून उड्या मारल्या. सुई हलली नाही. अण्णांनी लक्ष्मीबाईंनाही उड्या मारायला सांगितलं. त्यांनी जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. पण जागा सापडली होती. एकच उणीव होती. पोर्चला पाणी वाहून जायला उतार दिलेला, त्यामुळं सगळा स्लॅब तिरका, आणि प्लेअर लागतो पाण्यासारखा सपाट. सबंध स्लॅबवर सपाट जागा एकच, आणि ती म्हणजे मधलं लोखंडी झाकण.

शनिवारी गोकुळ मिस्त्री आला. त्यानं झाकणाकडं बघितलं.

“साहेब, ह्याच्यावरच ओटा बांधायचा?”

“हो. छोटासा, कमरेइतका, खुर्चीतल्या माणसाला सुई दिसली पाहिजे. एकदम लेव्हलमधे.”

“अन् पाणी आल्यावर?”

“पाणी मंगळवारी. सोमवारी काढून टाकू. नुसत्या विटा रच.”

“नुसत्या इटा हालतील ना,” अण्णा मध्येच म्हणाले. “एवढं सगळं केलं अन् मालात कंजुषी? थोडं सिमेंट लाव रे, गोकुळ. लवकर धरणारं.”

दाभाड्यांनी मान डोलवली. पाणी लवकर आलं तर, हा विचार त्यांच्या मनात आलाच नाही, आणि त्यात त्यांची चूक आहे असं निदान या शहरातला माणूस म्हणणार नाही. पाणी उद्यावर जातं, परवावर जातं, रात्री येतं, येतच नाही. पण ठरल्याच्या आधी आलेलं पाणी या गल्लीत कोणी बघितलेलं नव्हतं. पाणी लवकर येईल म्हणून तयारीत राहणं म्हणजे मे महिन्यात स्वेटर घालून बसणं. गोकुळनं माल कालवला. संध्याकाळपर्यंत झाकण ओट्याच्या पोटात गेलं होतं आणि ओट्यावर क्लेटन मॅबरी बिनधोक वाजत होता. दाभाड्यांनी त्याचाच फोटो ग्रुपवर टाकला. सरांनी लिहिलं, “उघड्यावर? धाडसी!” दाभाड्यांना सुखानं झोप लागली.

रत्नमाला रविवारी दुपारी परतली. पोर्चमध्ये पाऊल टाकलं, ओटा बघितला आणि पिशवी हातातच ठेवून विचारलं, “तुळस कुठाय?”

“कसली तुळस?”

“वृंदावन बांधलंत ना हे?” आणि मग तिची नजर ओट्याच्या बुडाशी गेली. “अहो, झाकण?”

दाभाड्यांनी सगळं समजावून सांगितलं. स्लॅबचा उतार, चहाची साय, अण्णांच्या उड्या. रत्नमालानं ऐकून घेतलं.

“अन् आज पाणी आलं तर?”

“अगं, पाणी कधी लवकर आलंय का?”

लग्न झाल्यापासून नवऱ्याच्या एखाद्या वाक्यावर गप्प बसायची तिच्यावर ही पहिलीच वेळ होती, आणि ती तिला मुळीच आवडली नाही. ती आत जाऊन भांडी आदळू लागली. बाहेर दाभाडे खुर्च्या मांडत होते, उचलत होते, पुन्हा मांडत होते.

संध्याकाळी मंडळी आली. इंद्रजीत सर, त्यांच्या गाडीतून प्रणय, आणि दातांच्या डॉक्टर सोनिया. सोनिया मॅडम ग्रुपवर सगळ्यात कमी लिहीत आणि सगळ्यात महाग रेकॉर्डी टाकत. सरांनी ओट्याभोवती एक फेरी मारली, वाकून बघितलं, बोटानं टकटक केलं. “दाभाडे,” ते म्हणाले, “ही निष्ठा आहे.” दाभाड्यांना वाटलं, आता सुई उडाली तरी चालेल. पण सुई उडणार नव्हती. त्यांनी हात पुसले, तबकडी पुसली, पुन्हा हात पुसले आणि सुई टेकवली.

पहिलं गाणं सलग वाजलं. मागून टेंपो गेला. दुसरं सुरू झालं. कोणी हललं नाही. सर डोळे मिटून बसले होते, सोनिया मॅडम चपलेचा अंगठा तालात हलवत होत्या, प्रणय ओट्याकडं टक लावून बघत होता. दाभाड्यांना स्वतःलाच गाणं धड ऐकू येत नव्हतं; ते माणसांकडं बघत होते. आपल्या दारात माणसं बसली आहेत आणि आपली रेकॉर्ड ऐकत आहेत. एवढ्यानंच त्यांना गहिवरून आलं आणि त्यांना नाक ओढायचं होतं तेही त्यांनी दाबून धरलं, कारण बाजू चालू होती.

आणि तेवढ्यात गेटजवळच्या खड्ड्यातून आवाज आला. फुस्स.

हा आवाज या शहरात झोपेतल्या माणसालाही कळतो. पाण्याच्या आधी नळातून हवा येते. रत्नमाला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. फुस्स, फुस्स, आणि मग एक गुळणी टाकल्यासारखा आवाज. गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह सोडणारा पुंडलिक सायकलवरून ओरडत चालला होता, “पाणी सोडलं होऽ! पुढची लाइन कामाला काढलीय, तुमचं आजच घ्या!”

तिसरं गाणं चालू होतं. घराघरांत दारं आपटली, बादल्या खणखणल्या. दाभाडे खुर्चीत ताठ झाले. उठायचं नाही. त्यांनी रत्नमालाकडं बघितलं आणि डोळ्यांनीच हात जोडले. तिनं कमरेवर हात ठेवले.

“ओ पुंडलिक!” पलीकडून अण्णा ओरडले. “आमचंच आलं का समदीकडं?”

“आज समदं उलटंपालटं हाय, अण्णा! कुठं सोडलं अन् कुठं नाय, मलाच ठाव नाय!”

इंद्रजीत सरांचे डोळे उघडले. ते आधी प्लेअरकडं, मग गेटकडं बघत राहिले. त्यांचा गुडघा उडू लागला, आणि तो तालात नव्हता. मग त्यांनी खिशातून फोन काढला. बाजू चालू असताना. “अगं, नळ बघ,” ते तोंडावर हात धरून कुजबुजले. पलीकडून काय उत्तर आलं कोण जाणे, पण सर उभेच राहिले. “दाभाडे, माफ करा. घरी ती एकटीच आहे, आणि तिच्या कमरेला पट्टा आहे. प्रणय, चल रे, ड्रम सरकवायला कोणीतरी लागेल.” प्रणयनं ओट्याकडं शेवटचं बघितलं आणि निघाला. सोनिया मॅडम तोवर गाडीपाशी पोचल्याही होत्या. त्यांच्या दवाखान्यात सकाळपासून टँकरची वाट बघत होते म्हणे. “अप्रतिम रेकॉर्ड!” असं त्या काच वर करता करता म्हणाल्या.

तीन खुर्च्या रिकाम्या. क्लेटन मॅबरी वाजत होता. दाभाडे बसून होते. उठावं असं त्यांना वाटत नव्हतं. खरं तर काहीच वाटत नव्हतं. ज्यांनी नियम केला तेच उठून गेले होते, आणि त्यांना नावं ठेवायचीही सोय नव्हती, कारण पाणी आल्यावर दाभाडेही असेच उठले असते.

रत्नमाला पाइप घेऊन बाहेर आली. हौदाचं झाकण ओट्याखाली अडकलेलं, म्हणून तिनं पाइप ड्रममध्ये सोडला. ड्रम भरला, दुसरा भरला. मग घागरी, कळशा, कुकर, पराती. ती पोर्चमधून आत आणि आतून पोर्चमध्ये धावत होती, तरी सुई हलत नव्हती. एक पातेलं ठेवताना तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो रिकाम्या खुर्चीकडं बघत होता.

“अजून किती ऱ्हायलंय?” तिनं विचारलं.

“शेवटचं एक.” आणि मग दाभाडे घाईनं उठले. “नको, राहू दे. अण्णांकडनं घण आणतो, ओटा फोडतो. हौद भरायला पाहिजे.”

“बसा.”

एवढ्यात सॅक्सोफोनचा आवाज खाली गेला. गाणं जड झालं, ओढत चालू लागलं.

“हा रडायला लागला का?” रत्नमालानं विचारलं.

“नाही. व्होल्टेज गेलं. सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्यात. अण्णांची आपल्याच फेजवर आहे.”

रत्नमालानं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि भिंतीपाशी जाऊन हाक मारली. “अण्णा! मोटर बंद करा जराशी!”

पाणी आलेलं असताना मोटर बंद करा असं शेजाऱ्याला सांगणं, हे या गल्लीत आजवर कोणी केलेलं नव्हतं. अण्णांचं डोकं भिंतीवर उगवलं.

“काय म्हणली, वयनी?”

“ह्यांचं गाणं घोगरं होतंय. तेवढं एक संपू द्या.”

“अवो, पाणी हाय! गाण्यापायी पाणी?”

“गाणं संपस्तवर आमचा पाइप तुमच्या हौदात सोडते. सगळं पाणी तुम्हाला.”

अण्णांनी ओट्याकडं, मग दाभाड्यांकडं, मग पाइपाकडं बघितलं. असा सौदा त्यांच्या फायलींत कधी आला नसावा. त्यांनी हात पुढं केला, पाइप ओढून घेतला, आणि पलीकडची मोटर बंद पडली. सॅक्सोफोन सावरला.

रत्नमालानं इकडंतिकडं बघितलं. खुर्च्यांवर कळशा ठेवलेल्या होत्या. तिनं एक बादली पालथी घातली, दाभाड्यांच्या शेजारी सरकवली आणि तिच्यावर बसली. पदरानं हात पुसले. गल्लीत आरडाओरडा चालू होता, पुंडलिक कोणाशी तरी भांडत होता, आणि त्यांचं स्वतःचं पाणी भिंतीवरून शेजारच्या हौदात चाललं होतं. ती एकदाही गेटकडं बघत नव्हती. मधे ढोल थांबले आणि एकटा सॅक्सोफोन उरला, तेव्हा तिनं हलकेच विचारलं, “हा एकटाच का वाजवतोय?” नियमाप्रमाणं बोलायचं नव्हतं, पण दाभाडे म्हणाले, “बाकीचे त्याला जागा देतायत.” रत्नमालानं मान हलवली. मग ढोल परत आले, आणि तिनं उगाच पाय हलवला, एकदाच.

सुई शेवटच्या खाचेत गेली. खर्र, खर्र. दाभाड्यांनी ती उचलली.

“संपलं?”

“संपलं.”

“मग घ्या घण.” ती उठली, भिंतीवरून घण मागून घेतला आणि तो त्यांच्या हातात ठेवला. अण्णांची मोटर पुन्हा सुरू झाली. दाभाड्यांनी तबकडी जपून कव्हरात घातली, प्लेअर आत नेऊन ठेवला आणि पहिला घाव घातला. गोकुळचा माल पक्का होता. विटेचा टवका उडाला, ओटा तसाच. दुसरा घाव. रत्नमाला पाइप परत घेऊन ओट्याशेजारी उभी होती, आणि हौद उघडायची वाट बघत असतानाच तिनं शेजारी ठेवलेलं रेकॉर्डचं कव्हर ओल्या बोटानं उलटवून पाहिलं.

“अहो, दुसऱ्या बाजूलापण हाच वाजवतो का?”

दाभाड्यांचा घण हवेतच राहिला.

“थांबू नका, पाणी जाईल,” ती म्हणाली. “फोडता फोडता सांगा.”